काठाकाठाने : वसंतातील पक्षिनिरीक्षण-सहल

येवल्याच्या मुलांस पक्षी अपरिचित नाहीत. ज्या घरात हातमाग आहे, त्या घरातील मूल समजू लागल्यापासून पैठणीच्या पदरावरील मोर आणि पोपट पाहत असते. घरातील वडील माणूस तारा मोजून एकेक पीस कसे उठवितो, हेही ते पाहते. माळरानावरील गावांतील मूल टिटवी, होला आणि तित्तिर आवाजावरूनही ओळखते. परंतु पाण्याच्या काठी चरणारा पक्षी मात्र या तालुक्यातील पुष्कळ मुलांनी केवळ पुस्तकात पाहिलेला असतो. याचे कारण उघड आहे. तालुक्याच्या उत्तर-पूर्व भागात पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारे किंवा टँकरने येणारे पाणी; अन्यत्र ते कालव्याच्या आवर्तनाने येते आणि आवर्तनाबरोबर जाते. जे पाणी सावकाश पसरते, उथळ होत होत चिखलात मिसळते आणि त्या चिखलातून जीवसृष्टीस पोसते, असे पाणी त्यांच्या नित्य पाहण्यात येत नाही.

समुद्रकिनारा शिकविण्याची वेळ आली म्हणजे शिक्षकाची अडचण विशेष जाणवते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चिखल उघडा पडतो आणि त्यावर लांब पायांचे पक्षी धावतात, हे फळ्यावर काढून दाखविता येते. पण येवल्यापासून समुद्र दूर आहे व तेथे वर्ग नेणे सामान्य शाळेस परवडणारे नाही. तथापि ज्या पक्ष्यांना पुस्तकात किनारी पक्षी म्हटलेले असते, त्यांपैकी कित्येक जाती समुद्राला बांधलेल्या नसतात. त्यांना हवा असतो तो उथळ काठ. तो खाऱ्या पाण्याचा असो वा गोड्या, त्याविषयी त्यांची तक्रार नसते. असा काठ नाशिक जिल्ह्यातच आहे. विंचूर-निफाडमार्गे येवल्याहून दीड-दोन तासांत तेथे पोहोचता येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील नांदूरमध्यमेश्वरचे जलाशयक्षेत्र ते हेच.

मुलांना तेथे नेण्यापूर्वी एक गोष्ट नकाशावर अवश्य दाखवावी. कादवेवर वरच्या अंगास, दिंडोरी तालुक्यात, पालखेड येथे धरण आहे आणि त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी येवल्यापर्यंत येते. म्हणजे जी नदी शहरातील मुलांची तहान भागविते, तीच पुढे नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरीस मिळते. हे कळल्यावर सहलीचे ठिकाण परके राहत नाही. नदी, कालवा, संगम हे शब्दही त्या दिवशी भूगोलाच्या पुस्तकातून बाहेर येतात.

नांदूरमध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत कालव्यांसाठी बंधारा बांधण्यात आला. बंधाऱ्याने नदीचा वेग मंदावला. वेग मंदावताच पाण्याने वाहून आणलेला गाळ खाली बसू लागला. वर्षानुवर्षे गाळ साचून पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, त्यांवर गवत व पाणवनस्पती वाढल्या. पाणी साठविण्याच्या दृष्टीने पाहिले तर गाळ ही हानीच होय. परंतु पक्ष्यांच्या दृष्टीने तीच मोठी समृद्धी ठरली. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ भूमींच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या सूचीत महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणून नांदूरमध्यमेश्वरचा समावेश झाल्याचे २०२० च्या जानेवारीत जाहीर झाले. या परिसराला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणण्याचा प्रघात आहे. तुलना गौरवाची असली तरी मुलांना तिचा उपयोग थोडा. त्यांना बंधारा, गाळ आणि काठ यांचा कार्यकारणसंबंध समजला म्हणजे पुरे.

काठ म्हणजे काय, हे निघण्यापूर्वी वर्गातच समजावून द्यावे. एक परात घ्यावी, तिच्यात एका बाजूस ओल्या मातीचा उतार करावा आणि दुसऱ्या बाजूने पाणी ओतावे. पाणी कोठे बोटभर, कोठे पेरभर, तर कोठे केवळ ओलाव्यापुरते दिसेल. आता वेगवेगळ्या लांबीच्या काड्या पायांऐवजी उभ्या करून पक्ष्यांच्या जागा दाखवाव्यात. गावजेवणाच्या पंगतीत ज्याची त्याची जागा ठरलेली असते, तशीच ही पंगत आहे. टिलवा हा चिमणीएवढा पक्षी ओल्या चिखलावर धावत टोचे मारतो. त्याच्या पुढे, पाय बुडतील इतक्या पाण्यात, लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या उभा असतो. त्याहून खोल पाण्यात चमचा आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवीत चालतो. जेथे पाय टेकणे शक्य नाही, तेथे बदके. बदकांतही भेद आहेत. थापट्या आपल्या रुंद चोचीने पृष्ठभागावरचे पाणी गाळतो. तलवार बदक शेपटी आकाशाकडे करून मान बुडविते व तळाशी पोहोचते. चोच आणि पाय यांची लांबी म्हणजे पाण्याची खोली मोजण्याच्या पट्ट्याच होत. हे एकदा ध्यानात आले की नाव माहीत नसलेला पक्षीही कोठे आणि का उभा आहे, हे मुलास सांगता येते.

याच परातीच्या साहाय्याने दुसरीही एक गोष्ट दाखविता येते. अलीकडे तालुक्यात प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी पुष्कळ झाली आहेत. त्यांत पाणी भरपूर असते, परंतु चिखलात चरणारे पक्षी तेथे फारसे दिसत नाहीत. असे का, हा प्रश्न मुलांना विचारावा. शेततळ्याला पाणी आहे, पण काठ नाही. बाजू एकदम उभ्या उतरतात, गाळ नाही, चरण्यास चिखल नाही. जेथे पक्ष्याच्या पायाला आधार नाही, तेथे मुलाच्या पायालाही नाही. ओल्या प्लास्टिकवरून घसरलेल्या माणसास, पोहता येत असले तरी, वर चढता येत नाही. उन्हाळी सुटीत अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. शेततळ्याच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकावयाचे नाही, हा नियम या पाठाबरोबरच मुलांच्या मनावर ठसवावा. कोरड्या उपदेशापेक्षा कारणासहित सांगितलेला नियम मुले अधिक काळ पाळतात.

पक्षी पाहण्यास लोक सामान्यतः पौष-माघात जातात, कारण त्या वेळी थवे मोठे असतात. शाळेच्या दृष्टीने मात्र महाशिवरात्र ते गुढीपाडवा हा काळ अधिक शिकविणारा आहे. या दिवसांत एकाच पाण्यावर तीन प्रकारचे पक्षी एकत्र दिसतात. पहिले जाणारे : थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रवाक, टिलवा. यांची घरटी उत्तरेकडे, कित्येकांची हिमालयापलीकडे. टिलव्याची तर सैबेरियाच्या उत्तर टोकाकडील हिमप्रदेशात. दुसरे राहणारे : हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, कवड्या खंड्या. आणि तिसरे, येथेच या दिवसांत घरट्याच्या तयारीला लागणारे : नदी सुरय आणि टिटवी. वेषांतरही याच वेळी पाहावयास मिळते. हिवाळाभर मळकट दिसणारा पिवळा धोबी नावाप्रमाणे पिवळाधमक होऊ लागतो व पांढऱ्या धोब्याचा गळा काळा होतो. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरात हे बदल घडू लागतात. थंडी संपली म्हणून पक्षी निघाले एवढेच कारण सांगणे अपुरे आहे.

प्रवासाला निघणाऱ्या पक्ष्याची शिदोरी म्हणजे त्याच्या अंगावरील चरबी. निघण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत तो सारखा चरत राहतो. काही किनारी जातींत तर वजन नेहमीच्या दीडपटीहूनही अधिक होते. टिलव्यासारख्या तीस ग्रॅमच्या आतबाहेर वजनाच्या जिवाला सहस्रावधी किलोमीटर जावयाचे असते. अशा वेळी काठावरून कोणी आरडाओरडा करीत गेले की सारा थवा उठतो, दोन घिरट्या घालतो व दूर जाऊन उतरतो. चरण्याचा वेळ जातो, साठविलेली शिदोरी खर्ची पडते. दिवसातून एकदा असे घडले तर फारसे बिघडत नसेल. पण रविवारी एकामागून एक दहा टोळ्या आल्या तर? वसंतातील सहल अधिक शिकविणारी खरी, परंतु पक्ष्यांना ती अधिक महागही पडू शकते. म्हणून या ऋतूत वर्ग काठावर न्यावयाचा असेल तर चालावे कसे, हाच मुख्य पाठ समजावा.

उडण्यापूर्वी पक्षी सूचना देतो. प्रथम चरणाऱ्या पक्ष्यांपैकी एक-दोघांच्या माना वर होतात. नंतर चरणे थांबते, आणि पक्षी सावकाश पाण्याच्या मध्याकडे सरकू लागतात. तिसऱ्या वेळी थवा उठतो. पहिली मान वर झाली की पुढे चालणाऱ्या शिक्षकाने हात आडवा करावा आणि सर्वांनी जागच्या जागी उभे राहावे. माना पुन्हा खाली गेल्या तर तेथूनच पाहावे. न गेल्या तर चार पावले मागे यावे. जवळ जाण्याची इच्छा आवरणे वडील माणसांनाही कठीण जाते, मग मुलांचे काय? परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलांना ही खूण एकदा समजली की पक्ष्याची मान पाहण्याची त्यांच्यात चढाओढ लागते व शिक्षकास हात आडवा करण्याची गरज उरत नाही.

निरीक्षणाच्या वहीत नेहमीच्या रकान्यांखेरीज एक जादा रकाना आखावा. दिनांक, वेळ, जागा, पक्षी, संख्या, काय करीत होता, आणि शेवटी : ‘आपल्यामुळे उडाले’. या रकान्यात खरा आकडा लिहिण्याचे धैर्य मुलांत यावे म्हणून प्रथम शिक्षकाने स्वतःची चूक तेथे नोंदवावी. मात्र न्यायही करावा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून खालून उडत आला की वारकरी आणि बदके एकदम उठतात. तो हिशेब मुलांच्या नावे मांडू नये. थवा का उठला, हे ठरविण्यासाठी मुलांना आकाशही पाहावे लागते, हा या रकान्याचा आणखी एक लाभ.

नावांची घाई नको. ‘सर, बदक!’ म्हणून जे ओरडले जाते ते अनेकदा वारकरी असते : काळे अंग, कपाळावर पांढरा ठिपका, पोहण्याची रीत बदकासारखी, पण कुळ पाणकोंबडीचे. नाव न आल्यास आकार लिहावा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. मग चोच सरळ की वाकडी, पायांचा रंग, शेपटी हलवितो की नाही, एकटा की थव्याने. एक ओबडधोबड चित्र काढावे. नाव शाळेत परत आल्यावर पुस्तकातून शोधता येते. मराठी नावे गावोगावी निराळी आहेत. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’चा या कामी चांगला उपयोग होतो. मुलांच्या घरी वापरले जाणारे नावही चुकीचे म्हणून खोडू नये, ते कंसात लिहून ठेवावे. चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दूर होते, हा संस्कृत काव्यातील संकेत शिक्षकास ठाऊक असेल. तो गोष्ट म्हणून जरूर सांगावा. वहीत मात्र सकाळी आठ वाजता दोन नारिंगी पक्षी शेजारी शेजारी उभे होते, एवढेच यावे.

शाळामास्तराच्या वहीने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण येथे देण्यासारखे आहे. डेन्मार्कमधील व्हीबोर्ग गावी हान्स ख्रिस्तियान मॉर्टेन्सन या नावाचे एक शिक्षक होते. पक्षी जातात कोठे आणि परत येणारा तोच असतो की दुसरा, हा प्रश्न त्यांना पडला. प्रथम त्यांनी जस्ताची कडी करून पाहिली. ती जड झाली. मग १८९९ साली अॅल्युमिनियमची हलकी कडी करून, त्यांवर क्रमांक व पत्ता उमटवून, त्यांनी १६५ भोरड्यांच्या पायांत ती घातली. पक्ष्यांस कडी घालण्याची आजची जगभरची शास्त्रीय पद्धत तेथून सुरू झाली, असे मानतात. आपल्याकडे १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या प्रेरणेने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. कडी घालणे हे प्रशिक्षित व परवानगी असलेल्या माणसांचेच काम आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. त्यांनी मॉर्टेन्सन यांच्याकडून घ्यावयाचा तो प्रश्न.

आता व्यवस्थेविषयी. वीस मुलांमागे दोन शिक्षक असावेत. मुले अधिक असल्यास दोन तुकड्या करून एक तुकडी मनोऱ्यावर व दुसरी काठाने, अशी पाळी लावावी. चापडगावच्या बाजूस निरीक्षण-मनोरे आहेत आणि वनखात्याच्या परवानगीने स्थानिक मार्गदर्शक मिळतात. ते आधी ठरवावेत. पालकांचे संमतिपत्र व वरिष्ठांची परवानगी घेणे हा केवळ कागदी उपचार मानू नये. पाण्याची पातळी आवर्तनाप्रमाणे चढते-उतरते; वरून दारणा व गंगापूर धरणांचे पाणी सोडले असेल तर काल उघडा असलेला चिखल आज बुडालेला आढळतो. म्हणून आदल्या दिवशी तेथील मार्गदर्शकाकडे चौकशी करावी. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचणे उत्तम. चालताना सूर्य पाठीशी येईल अशी दिशा धरावी, अन्यथा सारे पक्षी काळेच दिसतात. पांढरेशुभ्र व भडक कपडे टाळावेत. दुर्बीण एकच असल्यास ती शेवटी द्यावी. प्रथम नुसत्या डोळ्यांनी पाहू द्यावे, नाहीतर मुले पक्ष्यांऐवजी दुर्बिणीकडे पाहत राहतात. दुर्बीण सूर्याकडे कदापि वळवू नये. भ्रमणध्वनीवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलाविण्याचा प्रकार हौशी लोक करतात. शाळेने तो करू नये.

दोन ठिकाणी मात्र शिक्षकाने कठोर असले पाहिजे. वसंतात पाणी ओसरते तसा काठावरील गाळ वरून वाळतो, त्याला भेगा पडतात आणि तो पक्क्या जमिनीसारखा दिसतो. आत तो मऊच असतो. मोठ्या माणसाचा पायही त्यात गुडघ्यापर्यंत जातो. दुसरे म्हणजे जलपर्णी. तिचा हिरवा थर इतका दाट असतो की तो गवताळ रानच वाटतो; खाली खोल पाणी असते. मळलेली पायवाट आणि शेताचा बांध सोडून एकही पाऊल टाकावयाचे नाही, असा नियम करावा व ओळीच्या शेवटी नेहमी दुसरे शिक्षक असावेत. बांधावरून जाताना कांद्याच्या वाफ्यात पाय पडू नये, हे येवल्याच्या मुलांस वेगळे शिकविण्याची गरज नाही.

पाण्यालगतच्या वाळूच्या व खड्यांच्या पट्ट्यांवरही जाऊ नये, त्याचे कारण वेगळे आहे. नदी सुरय व टिटवी यांचे घरटे म्हणजे खड्यांतील एक उथळ खळगा. टिटवीची अंडी बहुधा चार असतात. निमुळती टोके आत वळवून ठेवलेली आणि खड्यांच्या रंगाची. पायाखाली जाईपर्यंत ती दिसत नाहीत. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, तर वळून आल्या वाटेने परतावे आणि ‘आपल्यामुळे उडाले’ या रकान्यात एक हा आकडा लिहावा.

दोन तासांत दीड किलोमीटर, एवढीच चाल पुरे. दहाच्या पुढे ऊन चढते, पक्षी सावलीला जातात व मुले कंटाळतात. शिदोरी काठापासून दूर, झाडाखाली सोडावी आणि उरलेले अन्न, कागद, पिशव्या परत आणाव्यात.

सहल येथे संपत नाही. गुढीपाडव्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, सकाळच्या शाळेत, तीच वही घेऊन गावातील पाझर तलावावर किंवा बंधाऱ्यावर जावे. पाणी थोडे असेल, कदाचित डबकेच असेल. तेथे नांदूरमध्यमेश्वरी पाहिलेल्यांपैकी कोण आहे आणि कोण नाही, हे मुलांनी लिहावे. थापट्या : नाही. टिलवा : नाही. शेकाट्या : दोन. टिटवी : एक जोडी. ‘नाही’ हा शब्द लिहिण्यास मुले प्रथम कुचरतात, जणू काही त्यांचेच चुकले आहे. परंतु त्या तारखेला तो पक्षी तेथे नव्हता, हीही नोंदच आहे. वर्ष संपल्यावर ही वही मुलांना घरी देऊ नये. वर्षाचा आकडा घालून ती शाळेच्या कपाटात ठेवावी. दिवाळीच्या सुटीनंतर नवा वर्ग पहिले बदक पाहील, तेव्हा जुन्या वहीतील शेवटच्या तारखेसमोर त्याने आपली तारीख लिहावी.